चार पदरी दोर

आमच्या वाड्यातलं कोणी मुंबईला किंवा बोटीवर जायला निघालं की तांडेल आपल्या घरामागे जाऊन बसे. सगळा वाडा ट्रंका, वळकट्या, फणसपोळी आणि सोलांच्या पिशव्या घेऊन मोटारीच्या थांब्यापर्यंत जायचा, बायका पदर डोळ्यांना लावायच्या, म्हातारे जाणाऱ्याच्या कपाळावर क्रुसाची खूण करायचे, आणि हा गृहस्थ माडाच्या बुंध्याला टेकून काथ्याचा दोर वळत बसलेला. माझ्या लग्नाला दोन महिने झाले आणि माझा नवरा इनास बोटीवर निघाला, तेव्हा मी रडून रडून थांब्यावरून परत आले. कुंपणापलीकडून आवाज आला, "गेलो? बरा झाला. आता तोंड धू आणि पेज पी." मला असा राग आला की काय सांगू. मनात म्हटलं, हा माणूस आहे की दगड? पुढं एकदा मी तोंडावर विचारलंसुद्धा. तर म्हणाला, "निरोप कित्याक देवचो? जाणारो जातलोच. रवणाऱ्यांनी चूल पेटवची." एवढं बोलून पुन्हा दोर वळायला लागला.

तांडेल हे त्याचं नाव नव्हे. पाद्रींनी बाप्तिस्म्यात दिलेलं नाव त्याच्या बायकोला तरी आठवत होतं की नाही, कोण जाणे. वीस-बावीस वर्षं त्यानं मंगळूरहून मुंबईला कौलं नेणारं गलबत चालवलं होतं, म्हणून तांडेल. वयानं सासऱ्यांच्या बरोबरीचा, पण मागे त्याला अहोजाहो कोणी करत नसे. कुणकेश्वराचा कळस दिसला की हा किरिस्तांव गलबतावर टोपी काढायचा, असं त्याचे जुने खलाशी हसून सांगत. त्याला विचारलं की म्हणे, "वाट दाखयता, तेका मान देवक होयो. तेच्यात हसण्यासारख्या काय आसा?"

आमचं कपेल, म्हणजे छोटं चर्च, खाडीच्या तोंडावर. पाद्री महिन्यातून एकदा आणि मोठ्या सणांना मालवणहून यायचे. एरवी जपमाळ, लदीन नावाची सामूहिक प्रार्थना आणि पोरांची धर्मशिकवण तांडेलच सांभाळी. शिकवण देताना त्याचं घोडं एका जागी नेहमी अडायचं. प्रभू येशू मेलेल्यांतून उठल्यावर चाळीस दिवसांनी शिष्यांच्या डोळ्यांदेखत स्वर्गात गेला, तो सण. पुस्तकात स्वर्गारोहण, आमच्या वाड्यात 'वर गेल्याचो दीस'. शुभवर्तमान सांगतं की तो गेल्यावर शिष्य मोठ्या आनंदानं येरुशलेमेला परतले. त्या आनंदाशी तांडेलाचं हाडवैर. दर नव्या पाद्रीला तो धरायचा. "पाद्र, तो गेलो आणि हे खुशीन घराक इले. ह्या कसा?" एकदा एक तरुण पाद्री म्हणाले, "अहो, तो देवाकडे गेला ना, म्हणून आनंद." तांडेल म्हणाला, "देवाकडे गेलेल्या मानसाच्या घरात तुमी किती खेपे गेलास, पाद्र? खुशी खंय बघलास?" पाद्रींनी चहाचा कप तोंडाला लावला आणि विषय बदलला.

त्या सणाची आमच्याकडे एक रीत होती. कपेलात वेदीच्या वर लाकडी माळा होता आणि त्याला चौकोनी झडप. पुनरुत्थित ख्रिस्ताची दीड हाताची लाकडी मूर्ती, उजवा हात आशीर्वादाला उचललेला, दोन्ही तळव्यांना खिळ्यांची भोकं. शुभवर्तमान वाचून झालं की मूर्तीला दोर बांधत, तो आढ्याच्या कप्पीतून फिरून बाजूच्या दारामागे येई, आणि तिथं उभा राहून तांडेल तो ओढी. गीत चालू असताना मूर्ती हळूहळू वर जायची आणि पांढऱ्या मलमलीच्या ढगात शिरून झडपेतून दिसेनाशी व्हायची. लहान मुलं टाळ्या वाजवत. मोठ्या बायका मात्र श्वास रोखून बसत, कारण आमच्या वाड्यात चौदा घरांतले पुरुष बोटीवर होते आणि बायकांची एक समजूत होती. मूर्ती न थांबता वर गेली, तर समुद्रावरची माणसं सुखरूप घरी येणार. मध्येच थांबली, तर कोणाचं तरी काहीतरी झालं.

ही समजूत हवेतून आलेली नव्हती. मी लग्न होऊन येण्याच्या आधी, पन्नास सालाच्या सुमारास कधीतरी, मूर्ती अर्ध्यावर थांबली होती. चांगली पाच-सहा मिनिटं लटकत राहिली, मग वर गेली. दुसऱ्याच दिवशी, शुक्रवारी, मिठबावचा पोस्टमन तार घेऊन आला. तांडेलाचा एकुलता एक मुलगा मिंगेल परदेशातल्या कुठल्याशा बंदरात बोटीच्या तळात पडून वारला होता. तांडेलाची बायको रोजामाय कपेलाची गाणारी. त्या सणाला तिनंच गीत म्हटलं होतं. त्यानंतर ती कधी गायली नाही. बायकांना आणखी कसला पुरावा हवा होता? गुरुवारी दोर थांबला, शुक्रवारी तार आली. तांडेल यावर कधी हो म्हणाला नाही की नाही म्हणाला नाही. बायका हे बोलायला लागल्या की उठून जायचा.

मी शिकलेली, सातवी पास. माहेरी असल्या गोष्टींना हसत असे. पण नवरा बोटीवर असला की शिकलेपण कुठल्या कुठे जातं. साठ-एकसष्ट साल असेल. इनासचं पत्र दर महिन्याला यायचं ते बंद झालं. एक महिना गेला, दोन गेले, चार गेले. मला सातवा महिना लागलेला. मुंबईच्या ऑफिसात दिराकरवी चौकशी केली, तर बोट कुठंतरी पुढं गेली आहे, एवढंच उत्तर. सासू दिवसभर माळ ओढायची आणि मध्येच माझ्या पोटाकडं बघून सुस्कारा टाकायची. मला त्या सुस्काऱ्यांचीच जास्त भीती वाटे. 'वर गेल्याचो दीस' जवळ येऊ लागला तसं वाड्यातल्या बायका माझ्याशी फार गोड बोलू लागल्या. कोणी करंज्या धाडी, कोणी कैरीचं लोणचं. मला कळत होतं की सगळ्या त्या दोराची वाट बघतायत. मीही बघत होते, खोटं कशाला बोलू.

त्या गुरुवारी मी पुढच्या बाकावर होते. पाद्रींनी शुभवर्तमान वाचलं, गीत सुरू झालं, मूर्ती वेदीवरून उचलली गेली. एक हात, दोन हात, माणसाच्या डोक्याएवढी वर गेली. आणि कप्पी कचकन वाजून थांबली.

दारामागून तांडेलानं हिसडा दिला तो ऐकू आला. पुन्हा दिला. मूर्ती हलली, पण वर जाईना. गीत एकेका बाकावरून बंद पडत गेलं. सगळं कपेल माझ्याकडं बघत होतं, आणि मी त्या लटकलेल्या लाकडी पायांकडं. तांडेल बाहेर आला, त्यानं शिडी मागवली, पासष्ट वर्षांचा माणूस शिडीवर चढला, मूर्ती बगलेत घेतली आणि माळ्यावर सरकवून दिली. खाली उतरला तेव्हा त्याचे हात सोललेले होते. मी ते काही बघायला थांबले नाही. उठले आणि घरी चालत आले.

घरी आल्यावर मी बांगड्या उतरवून ठेवल्या. फोडल्या नाहीत, तेवढी शुद्ध होती. सासूनं हंबरडा फोडला आणि त्यातून जे व्हायचं ते झालं. वाडाभरच्या बायका येऊन बसल्या, जसं काही मयत पुढ्यातच आहे. मी गुरुवारी जेवले नाही, शुक्रवारी जेवले नाही. पाण्याचा घोट तेवढा. पोटातलं मूल शुक्रवारी रात्रीपासून हलेना, आणि मला त्याचं काही वाटेना, हे आता लिहिताना अंगावर काटा येतो.

शनिवारी दुपारी तांडेल आला. मागोमाग रोजामाय, पेजेची वाटी घेऊन. बायकांनी वाट करून दिली. त्यानं टोपी काढली आणि माझ्यासमोर जमिनीवर बसला.

"चेडवा, बांगड्यो खंय?"

"काढून ठेवल्या."

"कोणाच्या सांगण्यार?"

"तुमच्याच दोराच्या," मी म्हटलं. माझी जीभ तेव्हाही तिखटच होती.

तो सावकाश म्हणाला, "दोर कित्याक अडाकलो, ता सांगतंय. दर साल मी तीन पदरी वळतंय. औंदा चार पदरी वळलंय. तू समोर बसतलंस, तुझ्या पोटात पोर, दोर तुटाक नको म्हणान. जाडो दोर कप्पीत घट्ट बसलो. तो माझ्या भियान अडाकलो, गो. देवाचो तेच्यात काय संबंध नाय."

मला ते ऐकू येत होतं, पण आत पोचत नव्हतं. सासूनं डोळे पुसले आणि सगळ्यांच्या मनात होतं ते विचारलं. "आणि मिंगेलच्या वेळार? तेवा तीन पदरीच होतो ना?"

तांडेलानं एकदा रोजामायकडं पाहिलं. ती वाटी धरून दाराशी उभी होती. मला वाटलं, आता हा नेहमीसारखा उठून जाणार. पण तो उठला नाही. जमिनीकडं बघत बोलू लागला.

"मिंगेलची तार गुरवारी सकाळीच इल्ली."

"शुक्रवारी," रोजामाय म्हणाली. "शुक्रवारी इली. मी घरात होतंय."

"गुरवारी. पोस्टमनान माका बांधार गाठून वाचून दाखयली. मी तेका सांगलंय, बाबा रे, उद्या घेवन ये. आणि मी कपेलात इलंय. दोर धरलंय. अर्ध्यार गेल्यार हातात जोर रवलो नाय." तो माझ्याकडं वळला. "तुमी सगळी म्हणतास, दोर थांबलो म्हणान झील मेलो. उलटा आसा, चेडवा. झील मेल्लो, म्हणान दोर थांबलो."

रोजामायचा आवाज अगदी साधा होता. "मी थंय गावत होतंय."

"होय."

"तुका म्हायती होता, आणि तू माका गावक दिलंस."

"आणखी एक दीस तुका झिलाची आवस रवांदे, म्हणान. माका दुसरा काय सुचूक नाय."

ती पुढे आली, पेजेची वाटी माझ्यासमोर ठेवली, "पी" म्हणाली आणि निघून गेली. तिच्यामागून जायची तांडेलाची छाती झाली नाही. तो तिथंच बसून राहिला. मला म्हणाला, "ह्या सांगूक माका धा-अकरा वर्सां लागली. ता फुकट घालव नको. पी." मी वाटी तोंडाला लावली. अर्धी पेज, अर्धे अश्रू. संध्याकाळी पोटात मुलानं लाथ मारली, तेव्हा मी भिंतीला टेकून मोठ्यानं रडले.

दोन आठवडे उलटले आणि इनासचं पत्र आलं. मुदतीच्या तापानं एका परक्या बंदराच्या हॉस्पिटलात पडला होता, बोट त्याला सोडून पुढं गेली होती, आता बरा होता. सासूनं पोस्टमनला साखर दिली. आणि वाड्यातल्या बायका काय म्हणाल्या? "तांडेलान शिडयेर चढान हातान वर नेलो ना, म्हणान वाचलो." तांडेलानं कपाळावर हात मारला. पुढच्या खेपेला पाद्री आले तेव्हा तो स्वतःच त्यांना म्हणाला, "पाद्र, ह्या बंद करा. आमच्या बायका देवाक बघनत नाय, दोराक बघतत." त्यानंच कप्पी उतरवली. तेव्हापासून मूर्ती बारा महिने वेदीवर असते.

माझं घर उभं राहिलं, पण त्याचं मोडलं. रोजामाय त्या सबंध पावसाळ्यात त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. रांधायची, वाढायची, कपडे धुवायची, तोंड बंद. श्रावणात मला मुलगी झाली तेव्हा रोजामाय चाळीस दिवस माझ्याकडं राबली. मी तिच्या पाया पडून म्हटलं, "माय, माझ्यासाठी बोलला तो. राग माझ्यावर काढा." ती बाळाला तेल लावत म्हणाली, "तुझो काय गुनाव नाय." पुढं बोलणं सुरू झालं, पण कामापुरतं. पाणी तापलंय, कोंबडी आत घातली, एवढंच. कपेलात ती त्याच्यापासून तीन बाकं लांब बसायची. मला ते बघवत नसे. मी तांडेलाला म्हटलं, तुम्ही तरी काही बोला. तो म्हणाला, "तिचो एक दीस मी चोरलंय, असा तिका वाटता. मी म्हणतंय, दिलंय. हेचो न्याय कोण करतलो?"

कप्पी काढल्यानंतरच्या पहिल्या 'वर गेल्याच्या दिवशी' पाद्रींची मिसा संपल्यावर तो वेदीजवळ एकटाच उभा होता. आता हातांचं काय करावं, हे त्याला समजत नव्हतं. मी मुलीला कडेवर घेऊन गेले आणि विचारलं, "सुनं वाटतं का हो तांडेलानू?" त्यानं मूर्तीकडं बोट केलं. "गो, तो हय रवलो असतो तर काय झाला असता? येरुशलेमेचो झालो असतो. तेच्या दारात मोठ्या मोठ्यांची रांग. आमका कोण फुडे सोडतलो? वर गेलो, म्हणान इनासच्या खाटीकडे बसाक गावलो, आणि तेच येळार तुझ्या चुलीकडे. मिंगेल पडलो थंयसर मी नाय होतंय, तेची आवस नाय होती. तो होतो." त्यानं मूर्तीच्या तळव्याला हात लावला. "आणि हातांची भोकां बुजवन नाय गेलो. तशीच घेवन गेलो. म्हणजे वर कोणाक तरी म्हायती आसा, हय कसा दुखता ता."

"मग तो आनंद?" मी विचारलं. "शिष्यांचा? आता समजला?"

"तो अजून माका गावाक नाय," तांडेल म्हणाला.

आता माझी मुलगी आखातात असते, नातू त्याहून लांब. विमानतळावर त्यांना सोडून आले की घर खायला उठतं. या सणाला शिकलेले पाद्री चांगली प्रवचनं देतात, मीही मान डोलावते, पण मला पुरतं ते तांडेलाचंच. प्रभू गेला तो आपल्याला टाकून नव्हे. एका गावात मावत नव्हता, म्हणून गेला. हे मी माझ्या पोरांना फोनवर सांगते आणि ती "होय गो आई" म्हणून दुसरं काहीतरी बोलायला लागतात.

मुलगी सात वर्षांची झाली तेव्हा नाताळानंतरच्या एका रविवारी तिचा पहिला ख्रिस्तप्रसाद, म्हणजे वेदीवरची पवित्र भाकर पहिल्यांदा घेण्याचा विधी, ठरला. इनास रजेवर आलेला. मालवण, वेंगुर्ला, सगळीकडून पाहुणे. तांडेल महिनाभर खोकल्यानं अंथरुणाला होता, त्यामुळं तो येणार नाही हे धरूनच चाललो होतो. रोजामाय सकाळी आठला सणाचं लुगडं नेसून आली. पोरीच्या केसांत पांढरी फुलं तिनंच माळली. मी विचारलं, "तांडेल कसो आसा?" म्हणाली, "निजलो आसा." कपेलात ख्रिस्तप्रसादाच्या वेळी बाकावरून आवाज आला, आणि मी वळून पाहिलं तर रोजामाय गात होती. म्हातारा, चिरका आवाज, पण सूर पक्का. इतक्या वर्षांनी. इनासनं माझा हात दाबला. दुपारी ती पाहुण्यांत जेवली, डुकराच्या मांसाच्या सोरपोतेलाला नावं ठेवली, पोरीला मांडीवर घेऊन आशीर्वाद दिला. मी म्हटलं, तांडेलाला ताट धाडते. म्हणाली, "नको. मागीर बघूया."

चार वाजता शेवटचे पाहुणे मोटारीला गेले. मागच्या पडवीत आम्ही दोघी भांडी विसळत होतो. शेवटचं पातेलं पालथं घालून तिनं हात पुसले आणि म्हणाली, "आता चल. इनासाक पण बोलय. तांडेल सकाळी उजाडताना गेलो."

मी म्हटलं, "आणि तुम्ही दिवसभर इथं..."

"तुझ्या चेडवाचो दीस होतो," ती म्हणाली. मग तिला रडू फुटलं. "त्या दिवशी दोर धरून तो कसो उभो रवलो असतलो, ता माका आज कळला. सात वर्सां मी तेका..."

आम्ही तिघं तिच्या घरी गेलो. दाराला बाहेरून कडी. आत तांडेल धुतलेल्या सदऱ्यात, केस विंचरून, हात छातीवर घेऊन निजलेला. सगळं तिनं एकटीनं सकाळीच केलं होतं. मी मेणबत्ती शोधू लागले. रोजामाय त्याच्या उशाशी बसली, आणि आम्ही तिथं नाहीच अशी त्याच्याशी बोलू लागली. कोण कोण आले, वेंगुर्ल्याची माणसं किती जाडी झालीत, पोरीला पांढरा झगा कसा शोभत होता, सोरपोतेल कसं तिखटजाळ झालं होतं. बोलत होती, मध्येच थांबून त्याची बाही सारखी करत होती, आणि पुन्हा बोलत होती. कामापुरतं सोडून ती त्याच्याशी सात वर्षांत पहिल्यांदाच बोलत होती, आणि सांगण्यासारखं तिच्याकडं खूप साचलं होतं.